डिस्चार्ज कार्डावर जबाबदार माणसाचे नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मनोरुग्णालयांतल्या रिक्त पदांची बातमी आली की चर्चा मनोविकारतज्ज्ञांच्या संख्येपाशी येऊन थांबते. पदे भरायलाच हवीत. पण स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलरचा रुग्ण पुन्हा पुन्हा भरती होतो, त्याला दर वेळी डॉक्टरांचा तुटवडाच कारणीभूत असतो असे नाही. डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधीक्षक असे सगळे असतात, प्रत्येक जण आपापल्या रजिस्टरमध्ये नोंदही करतो. दुसऱ्याचे रजिस्टर मात्र कोणी उघडत नाही.

येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून सुटलेला रुग्ण दूरच्या तालुक्यात परततो. हातातल्या कार्डावर औषधांची नावे आणि खाली ‘एक महिन्याने दाखवा’. कोणाला दाखवायचे आणि मधेच गोळ्या संपल्या तर काय, हे घरच्यांनी आपले आपण शोधायचे.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाचेच बघा. आधीच्या किमान दोन औषधांनी गुण आला नाही की हे देतात. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीचे निदान 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. 48 तासांहून जास्त खंड पडला तर थेट जुना डोस देता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते. हे न सांगितलेले घर चार दिवस औषध मिळाले नाही म्हणून पाचव्या दिवशी पूर्ण 300 मिलिग्रॅम देते. मग रक्तदाब घसरून रुग्ण कोसळू शकतो. त्यात विडी. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध लवकर निकाली काढते. वॉर्डात विडी बंद असताना बसवलेला डोस घरी विडी सुरू झाली की अपुरा पडतो. विडी एकदम सोडली तर तोच डोस जास्त होतो. ओपीडीच्या पाच मिनिटांत डॉक्टरांना हे कळणे कठीण. गृहभेटीला गेलेल्या समाजसेवा अधीक्षकाला ते अंगणातच दिसते, पण त्याने कळवायचे कोणाला? शौचाला किती दिवस झाले नाही, हा प्रश्नही परिचारिकेनेच विचारायचा. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

बायपोलरवर देतात त्या लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घेतलेल्या रक्तात बघतात. रुग्ण सकाळची गोळी घेऊनच आला तर आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली किंवा गुडघ्यासाठी दुकानातून आयब्युप्रोफेन घेतली, तर पातळी खरोखरच चढते. थरथर, उलट्या, तोल जाणे ही तिची लक्षणे आशाताईंना माहीत हवीत.

रुग्णाला रोजची कामे आणि नोकरी पुन्हा जमावी म्हणून मदत करणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञाला उपचार पथकाच्या बैठकीत शेवटी बोलू देतात, तेही वेळ उरला तर. सकाळी 7 च्या पाळीवर जाणारा माणूस रात्री उशिरा घेतलेल्या ओलान्झापिनने (याही आजारांवरचे, झोप आणणारे औषध) पेंगत असेल, तर पुष्कळदा गोळी दोन तास अलीकडे आणली तरी नोकरी टिकते. हे या तज्ज्ञाच्या लक्षात येते. बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा असतो.

आठवड्यातून सगळ्या पथकाची एक बैठक, 45 मिनिटांची, पुरे. तपासणीला आलेल्या रुग्णांची चर्चा नंतर. आधी न आलेल्यांची यादी वाचावी. डेपो इंजेक्शनची (एकदा टोचले की काही आठवडे पुरणारे औषध) तारीख उलटून तीन दिवस झाले की फोन, आठवडा झाला की गृहभेट, आणि भेटीत जे दिसले ते त्याच केसपेपरवर लिहायचे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 98 नुसार डिस्चार्जपूर्वी रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याच्या वतीने निर्णयांत मदत करणारी व्यक्ती), ज्यांच्याकडे तो राहणार ते नातेवाईक आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून नियोजन करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेकदा नातेवाइकाची सही म्हणजेच नियोजन ठरते.

आरोग्य विभागाकडे मागणी एवढीच: कार्डावर एका समन्वयकाचे नाव व फोन छापावा, पहिली भेट सात दिवसांच्या आत कुठे आणि कधी ते लिहावे, आणि रुग्णाच्या संमतीने कार्डाची प्रत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला त्याच दिवशी जावी. समन्वयक डॉक्टरच हवा असे नाही. परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक हे काम बहुधा जास्त चांगले करतील. तो रजेवर असेल तेव्हा कोणाला फोन करायचा, तेही त्याच ओळीत असावे.

आपली,
जिल्हा पातळीवर काम करणारी एक मनोविकार परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये)