चंद्रीची दोरी

नाशिक,
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. कुत्र्याचं पिल्लू आणताना काय बघायचं, डॉग शोची तयारी कधीपासून करायची, आणि "बाबा, आपल्या चंद्री कुत्रीला चॅम्पियन व्हायला एकच सी.सी. (चॅलेंज सर्टिफिकेट) कमी पडत होती ना, मग शो का सोडलेत?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोनवर देता आली असती. तिसऱ्याचं तोंडाने देता येत नाही, म्हणून कागद घेतला. जन्मभर टपाल खात्यात काढलेला माणूस पत्रच लिहिणार, हसू नकोस.

काल आईने भरीत आणि रोडगे केले, तळी भरली. कुत्र्याचा घास काढायचा म्हणून मी ताटली घेऊन इस्त्रीवाल्याच्या गाडीखाली झोपते त्या काळ्या कुत्रीकडे गेलो. रोडगा दिला, भरीत मात्र बाजूला काढलं. चातुर्मास पाळलेला, त्यामुळे आईने कालच्या भरतात कांद्याची कसर भरून काढली होती. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेला असला तरी तेच. आणि द्राक्षांचं तर तुला माहीतच आहे. म्हणजे अर्धवट माहीत आहे. तू सातवीत असताना दिंडोरीला मामाच्या मळ्यात चंद्री आजारी पडली, तेव्हा "ऊन लागलं" असं तुला सांगितलं होतं. ऊन नव्हतं. छाटून टाकलेल्या द्राक्षांचा ढीग बांधाला पडला होता आणि मी मामाशी बाजारभावाच्या गप्पा मारत बसलो होतो. डॉक्टरांनी उलटी करवली, दोन दिवस सलाईन लावलं, किडनीच्या तपासण्या केल्या. वाचली. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होतं असं आता म्हणतात, तेव्हा कोणालाच कारण ठाऊक नव्हतं. कांदा आणि द्राक्ष, आपल्या जिल्ह्याची दोन्ही दैवतं कुत्र्याला विष. पुण्यात तू बेदाण्यांचा डबा वर ठेव म्हणजे झालं.

आता पिल्लाचं. तुला कारवानच हवं म्हणतेस, बरं वाटलं. लॅब्रडॉर वाईट असतो असं नाही, पण सोलापूर-लातूरकडच्या माळावर सशामागे धावणारी ही आपली जात. मुधोळच्या घोरपडे राजांनी विलायतेत पाचव्या जॉर्जला याच कुत्र्यांची जोडी दिली, तेव्हापासून मुधोळ हे नाव जास्त गाजलं. २००५ साली आमच्या खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती: मुधोळ, राजापालयम, रामपूर आणि हिमालयन शीपडॉग. काउंटरवर ते मुधोळचं तिकीट विकता विकता मला हे वेड लागलं. तुझी आई अजून खात्यालाच दोष देते.

"विथ पेपर की विदाऊट पेपर" असं ब्रीडर विचारतील. पेपर घे. शोला केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद लागतेच. पण त्या कागदावर आई-बाप, आजे-पणजे असतात, स्वभाव नसतो. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला लावायचं नाही, लागोपाठच्या माजाला वेत घ्यायचं नाही आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं नाहीत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद हवी. हे सगळं विचार, लाजू नकोस. जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नकोस. आणि पिल्लांच्या आधी त्यांच्या आईला बघ. अनोळखी माणूस दिसल्यावर ती उठून येते, की बसल्या जागी राहते, की भिंतीला चिकटते? भिंतीला चिकटली तर कितीही देखणी पिल्लं असोत, चहा पिऊन परत ये.

मी ते बघितलं नव्हतं. चंद्रीला २००९ च्या जुलैत आणलं तेव्हा तिची आई गोठ्याच्या कोपऱ्यात होती, आणि मला तिची छाती किती खोल आहे तेवढंच दिसलं. चंद्री तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. इथे धो धो पाऊस आणि गल्लीत कुत्र्यांच्या पार्वो रोगाची साथ. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका असं सांगितलेलं मी शब्दशः घेतलं आणि तिला दोन महिने मागच्या खोलीत ठेवलं. तू, मी, आई आणि दुधाची पिशवी टाकणारा मुलगा, एवढंच तिचं जग. कुत्र्याच्या पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस असे असतात, की त्या काळात जे भेटेल ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं आणि जे भेटणार नाही ते परकं. मी हे नंतर वाचलं. मुळात कारवानला परक्याचा हात आवडत नाही, त्यात मी तो काळ असा घालवला.

तू असं करू नकोस. लसी होईपर्यंत पिल्लू जमिनीवर सोडू नकोस, पण कडेवर घेऊन रोज बाहेर पड. रिक्षा, छत्र्या, दाढीवाले, हेल्मेटवाले, शाळा सुटल्यावरची पोरं, लग्नाची वरात लांबून, सगळं बघू दे. दर तीन-चार आठवड्यांनी लस, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची. ही तारखांची कामं तू चोख करशीलच.

चंद्रीला शोसाठी तयार करताना आपण काय काय केलं ते आठवतं? तू पाचवीत होतीस. रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसातलं कोणी ना कोणी चहाला यायचं, आणि चहाची अट एकच, की कुत्रीचा ओठ वर करून दात बघायचे. तू बाजूला कलेजीचे तुकडे घेऊन उभी. माणसाची बत्तीशी, कुत्र्याची बेचाळिशी, असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि मग मोजायला लावायचीस. वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीच्या पात्यासारखे बसायला हवेत, ते जज आधी बघतो. मग डोकं, मान, छाती, पाठ, मागचे पाय, सगळीकडून हात फिरवतो, आणि मग सरळ जा, सरळ ये, त्रिकोणात फिरव. कुत्रं डाव्या हाताला, जज आणि कुत्रं यांच्या मध्ये आपण यायचं नाही. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. त्या मिनिटांसाठी पहाटे उठून डोंगरे मैदानावर आपण किती फेऱ्या मारल्या! तुझी आई म्हणायची, पोरगी गणितात एवढं धावली असती तर.

पहिल्या शोला ती माझ्या पायांमागे लपली आणि आपण हात हलवत परत आलो. दुसरा शो बरा झाला, पहिली सी.सी. मिळाली. तुझ्या हातात रोझेट होती आणि घरी येईपर्यंत तू रिक्षाच्या बाहेर ती धरून बसली होतीस.

तिसरा शो पुण्यातला. तुझी परीक्षा होती म्हणून तू नव्हतीस. जानेवारीची सकाळ, मैदानावर दव. जज वयस्क, हात फार सावकाश फिरवणारे. मी चंद्रीला उभं केलं. चारही पाय नीट, मान वर, शेपूट खाली, कारवानची शेपूट तशीही खालीच असते. ते वाकले, ओठ उचलला, दात बघितले, छातीखाली हात घातला. ती हलली नाही. पापणीसुद्धा नाही. आजूबाजूचे हँडलर बघत होते. असं उभं राहिलेलं कारवान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोरी माझ्या हातात होती. पातळ चामड्याची, आपण मेन रोडवरून घेतलेली. त्या दोरीतून माझ्या अंगठ्याला काहीतरी लागत होतं. आधी वाटलं वारा. मग कळलं, ती थरथरत होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतल्या आत, शिवणयंत्र चालू असताना टेबलाला हात लावावा तसं. ती शिकली म्हणून उभी नव्हती. ससा जसा कुत्र्यापुढे गोठतो तशी ती गोठली होती. जज म्हणाले, "ब्युटिफुली शोन." आणि सी.सी. दिली.

मी ती घेतली. नाही म्हणालो नाही, कोणाला सांगितलंही नाही. पेढे आणले, ऑफिसात वाटले.

येताना एस.टी. मिळणार नाही म्हणून जीप केली होती. संगमनेरच्या पुढे तिने माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि घोरायला लागली. मी दोरी गुंडाळून खिशात ठेवली, ती पुन्हा रिंगमध्ये काढली नाही. तुला सांगितलं की शोचा खर्च झेपत नाही. तू दोन दिवस जेवली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या गुल्लकातले पैसे टेबलावर आणून ठेवलेस. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

दोन सी.सी. झाल्या म्हटल्यावर तिचं वेत घ्यायला तीन माणसं आली होती. त्यातला एक चांगले पैसे देत होता. मी नाही म्हटलं. घाबरटपणाचा काही भाग माझा, पण काही भाग गोठ्याच्या कोपऱ्यातल्या त्या आईचा, आणि तो पिल्लांत उतरतो. मात्र पिल्लं नको म्हटल्यावर ऑपरेशन करून टाकायला हवं होतं, तेही मी लांबणीवर टाकलं. नऊ वर्षांची असताना माज संपल्यावर महिन्याभराने ती पाणीच पाणी प्यायला लागली. गर्भाशयात पू झाला होता, ऑपरेशन करावं लागलं. तू तेव्हा हॉस्टेलला होतीस, परीक्षेच्या तोंडावर आम्ही बोललो नाही. कारवानच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे भूल बेताने द्यावी लागते. डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेव, त्यांना माहीत असलं तरी सांग.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मनू, तू शोचं विचारतेस, पण तिच्याविषयी मला सगळ्यात जास्त काही येत असेल तर ते या चार वर्षांचं. अंग असं, की कातडीखाली लगेच हाड. कोपरांना घट्टे पडले, त्यांना भेगा जायच्या. रोज रात्री खोबरेल लावायचो. फरशीवर पाय घसरायचे म्हणून आईने जुन्या साड्यांच्या गोधड्या दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरल्या. पाहुण्यांना वाटायचं घरात कोणाचं बाळंतपण आहे. निफाडला पारा घसरल्याची बातमी आली, की तुझा शाळेचा निळा स्वेटर तिच्या अंगात. दात पडले तेव्हा बाजरीची भाकरी ताकात कुस्करून द्यायचो. बेचाळीसपैकी शेवटी किती राहिले ते मी मोजायचो, ओठ वर करून. तेव्हा ती हलायची. मान फिरवायची, हात ढकलायची, एकदा तर चक्क गुरगुरली. मला फार बरं वाटलं.

२०२२ च्या मार्चमध्ये ती गेली, ते तुला माहीत आहे. मामाने बांधावरच्या शेवग्याखाली जागा दिली. गेल्या वर्षी साताऱ्याला गेलो तेव्हा संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी पाहिली. वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणतात, त्याला पालखीचा मान होता म्हणतात. आई समाधीजवळ बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, आपलीने काही वाचवलं नाही, पण आपल्याला सोडून एक रात्र झोपली नाही. मग आम्ही नदीवर गेलो.

तू शो कर. मी नको म्हणत नाही. रिंगमध्ये आनंदाने नाचणारी कुत्री मी पाहिली आहेत, टाळ्या वाजल्या की ज्यांना आणखी चेव येतो. तुझं पिल्लू तसं निघालं तर मी स्वतः पुण्याला येऊन कलेजी उकडून देईन. नाही निघालं तर सोसायटीच्या बागेत पळव.

मामेभाऊ शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर तीन गोष्टी पाठवतो. निळा स्वेटर, तो पिल्लाला मोठा होईल, पण राहू दे. दुसरी, आईच्या दोन गोधड्या. तिसरी दोरी. ती तेल लावून ठेवली आहे. मधे एके ठिकाणी चामडं झिजून गुळगुळीत झालंय, तिथे माझा अंगठा असायचा. तुझ्या हाताला लांब वाटली तर चांभाराकडून कापून घे, पण टोकाकडून काप.

पिल्लू घरी आलं की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझे,
बाबा