स्मरण सूचना: डेलीविषयीची मते रविवारपर्यंत पाठवावीत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील आपल्या वस्तीतील जुन्या ज्यू डेलीविषयी (सँडविच, मांसाचे पदार्थ व सूप मिळणारे खाद्यगृह) मागविलेली लेखी मते येत्या रविवारपर्यंत समितीकडे पोहोचती करावीत, म्हणजे ती एकत्रितपणे मालकांना देता येतील. आतापर्यंत आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: वाफेवर मऊ केलेली पास्ट्रामी (खारवून, मसाले लावून धुरावलेले गोमांस) पूर्वी गिऱ्हाइकासमोर हाताने जाड कापली जाई, आता ती आधीच यंत्रावर पातळ कापून ठेवलेली असते आणि राय या धान्याच्या ब्रेडच्या कडा वाळलेल्या असतात. मात्झो बॉल सूप (बिनखमिराच्या ज्यू रोटीच्या चुऱ्याचे गोळे घातलेले सूप) मात्र अजूनही उत्तम मिळते, हेही अनेकांनी आवर्जून लिहिले आहे. नुसते ‘दर्जा घसरला’ असे न लिहिता कोणत्या पदार्थात काय उणे होते, ते स्पष्ट नमूद करावे. मांसाचे भाव आणि जागेचे भाडे मालकांच्या हाती नाही, याचे भान राखावे. क्वीन्समधल्याच रेगो पार्क येथील १९४५ पासूनची ‘बेन्स बेस्ट’ डेली २०१८ मध्ये बंद झाली. तशी वेळ येथे येऊ नये, अशी समितीची मनापासून इच्छा आहे. कोशर म्हणजे ज्यू धर्मातील आहाराचे नियम पाळणाऱ्या आपल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) सभासदांना जवळपास दुसरी सोय नसल्याने त्यांची मते विशेष अपेक्षित आहेत.

– कार्यकारी समिती