'चुकीच्या जागी' हसलेल्यांच्या वतीने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं 'युद्ध, देव आणि अपरिपक्व प्रेक्षक' हे परीक्षण वाचलं. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून एक रात्र जाऊ दिली. उपयोग झाला नाही.

सॅम्युएल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'च्या त्या प्रयोगाला मीही होते. (दोन भणंग माणसं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहत राहतात आणि तो काही येत नाही, ते हे नाटक.) आपल्या समीक्षकांच्या लेखी प्रेक्षकांचे गुन्हे दोन. एक, मध्यंतरात बरेच जण उठून गेले. दुसरा, 'अत्यंत गंभीर क्षणी, चुकीच्या जागी, मागच्या रांगांतून हशा आला'. त्यातला सगळ्यात मोठा हशा माझ्या थोरल्या दिरांचा होता, म्हणून हे पत्र.

भाऊजी निवृत्त सुभेदार. गाव साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी, घरटी फौजी असलेलं, तेव्हा जास्त सांगायला नको. पहिल्या अंकाच्या शेवटी तो मुलगा निरोप घेऊन येतो ना, की गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील, तिथे ते खो खो हसले. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने वळून 'काका, हे सीरियस आहे' असं सुनावलं. भाऊजी पडले शिस्तीचे, दुसरा अंकभर तोंडावर रुमाल धरून बसले. परतताना रिक्षात म्हणाले, "अगं, सियाचीनला चौकीवर वायरलेसवर रोज हेच ऐकायचो. आज हवा खराब आहे, हेलिकॉप्टर उद्या नक्की." वर चढण्याआधी ओ. पी. बाबांच्या, म्हणजे तिथल्या जवानांची राखण करतो असं मानल्या जाणाऱ्या एका दिवंगत सैनिकाच्या, मंदिरात जाऊन रीतसर रिपोर्ट द्यायचा आणि खाली उतरलं की पुन्हा द्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. कशासाठी, असं मी विचारलं. "द्यायचा असतो," म्हणाले.

आता हा माणूस हसला ती जागा चुकीची, आणि आपल्या समीक्षकांना त्याच जागी 'अस्तित्वाच्या पोकळीचा नाद' ऐकू आला ती बरोबर! असेल बुवा. बेकेटने मात्र इंग्रजी पुस्तकावर 'दोन अंकी ट्रॅजिकॉमेडी' असं स्वतःच छापून ठेवलंय. अर्धी कॉमेडी आमच्या वाट्याला यायला हरकत नसावी.

राहिले उठून गेलेले. 'परदेशात अशा नाटकांना प्रेक्षक श्वास रोखून बसतात' असं आपण छापलंय. कुठल्या परदेशात? 1956 च्या जानेवारीत मायामीला हेच नाटक 'दोन खंडांना हसवणारं' अशी जाहिरात करून लावलं, तेव्हा सुट्टीवर आलेली मंडळी पहिल्या अंकानंतर घोळक्याने निघून गेली होती. आणि 1993 मध्ये, बोस्नियातल्या युद्धात वेढा पडलेल्या सारायेव्होत, अमेरिकन लेखिका सुझन सोंटाग यांनी मेणबत्त्यांच्या उजेडात या नाटकाचा फक्त पहिला अंकच केला. तो पाहणाऱ्यांना कुणी अपरिपक्व म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. आमचे लोकही तेवढाच पाहून गेले.

शिवाय ते का गेले, हे समीक्षकांनी विचारायचं होतं. प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला, कारण प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं चाललं होतं. (ते आलेच नाहीत. यात दिग्दर्शकाची काही योजना असेल तर माहीत नाही.) उपनगरात जाणारी शेवटची बस कुणासाठी थांबत नाही. समीक्षकांची गाडी खालीच उभी होती, त्यांचं बरोबरच आहे.

जाता जाता आणखी एक. नाट्यगृहाच्या नूतनीकरणावर आपण मध्यंतरी झुंबरांच्या फोटोंसकट पानभर लिहिलं होतं. महिलांच्या स्वच्छतागृहाला अजून आतून कडी नाही. मध्यंतरात बायका दाराशी आळीपाळीने पहारा देतात. त्याचंही परीक्षण करायला कुणाला पाठवता आलं तर बघा.

आपली,
तिकीट काढून नाटक पाहणारी एक वाचक