बाबा, हे त्रँतिन्याँचं ऐका

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी बजावूनही बाबा पुन्हा ट्रॅक्टरवर बसून फवारणीला जायला लागले, हे दादाकडून कळलं. फोनवर विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, आई. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांना वाचून दाखव.

इथे दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिएहून नीमकडे जाताना वेर्जेझ नावाचं गाव लागतं. बाटलीतलं पेरिए पाणी तिथलंच. आजूबाजूला द्राक्षबागाच बागा, पण आपल्यासारखे मांडव नाहीत. बुटकी झाडं, तारेवर ओळीने बांधलेली. या गावाचे एके काळचे मेयर मोरीस त्रँतिन्याँ द्राक्षवाल्यांच्या घरातले, आणि फॉर्म्युला वन या मोटार-शर्यतींचे ड्रायव्हर. जागतिक अजिंक्यपद शर्यतीत जिंकणारा पहिला फ्रेंच माणूस तो हाच. इथे आल्यापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे.

आई, तुझ्या अंगावर काटा येईल. त्यांचा मोठा भाऊ लुई 1933 मध्ये शर्यतीच्या सरावात अपघातात मरण पावला. पाच वर्षांनी, 1938 मध्ये, मोरीस शर्यतीत उतरले ते भावाच्याच बुगाटी गाडीतून. घरच्यांनी त्यांना कसं जाऊ दिलं असेल, हे मला अजून उमगत नाही. मग युद्ध आलं, गाडी धान्याच्या कोठारात लपवली. 1945 मध्ये पॅरिसच्या शर्यतीत ती मधेच बंद पडली. पेट्रोलच्या टाकीत उंदरांनी घर केलं होतं, त्यांच्या लेंड्यांनी नळी तुंबली होती. तेव्हापासून सगळे त्यांना 'पेतुले' म्हणजे लेंडीवाला म्हणून चिडवायचे. त्यांनी पुढे आपल्या वाइनलाच ते नाव दिलं.

1948 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्नला ते गाडीतून बाहेर फेकले गेले. प्लीहा काढावी लागली. काही दिवस शुद्ध नव्हती, आशा सोडल्यासारखीच होती. तरी पुढच्या वर्षी परत गाडीत!

आता बाबा, तुमच्यासाठी खरं सांगायचं ते इथून. मोनॅकोची शर्यत गावातल्या रस्त्यांवर होते. तेव्हा 100 फेऱ्या असायच्या, सुमारे 315 किलोमीटर, आणि एका फेरीत कितीदा तरी गिअर बदलायचा, ब्रेक दाबायचा. गाडी वेगाने पळवणारे पुष्कळ असत, पण तिची मोडतोड होऊ न देता शेवटपर्यंत नेणं अवघड. 1955 ला त्रँतिन्याँ फेरारी घेऊन नवव्या जागेवरून निघाले. पुढे मर्सिडीजचे फांजिओ आणि मॉस. फांजिओची गाडी निम्म्या शर्यतीत मोडली. 80व्या फेरीला मॉसच्या इंजिनातून धूर निघाला. लगेच अस्कारीची लान्सिया थेट बंदराच्या पाण्यात गेली. तो पोहून वर आला, पण चारच दिवसांनी इटलीत मॉन्झाला सराव करताना मरण पावला. जिंकले त्रँतिन्याँ.

लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. 1958 मध्ये त्याच मोनॅकोत ते रॉब वॉकर या खासगी संघमालकाच्या छोट्या कूपर गाडीतून उतरले. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि ते दोन लिटरचंही नव्हतं. मोठ्या गाड्यांची अडीच लिटरच्या आसपासची. मॉस आणि हॉथॉर्न आघाडीवर असताना गाड्या बिघडून बाद झाले आणि त्रँतिन्याँ दुसऱ्यांदा जिंकले. दोनदा तसंच घडतं तेव्हा त्यात गिअर, क्लच, ब्रेक जपणाऱ्या हातांचा वाटा असतोच. 1954 मध्ये गोन्सालेसच्या जोडीने ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली तीही पावसात, गाडी सांभाळून.

आणि हे जपणं किती काळ पुरलं बघा. 1950 पासून 1964 पर्यंत ते अजिंक्यपदाच्या शर्यतींत होते, जेव्हा जवळपास दर वर्षी कुणी ना कुणी ड्रायव्हर मरत असे. शेवटच्या वर्षी, 46व्या वर्षी, स्वतःच्या बीआरएम गाडीतून जर्मनीतल्या शर्यतीत पाचवे आले. त्याच मोसमात या अजिंक्यपदाच्या शर्यती सोडल्या आणि बागेत रमले. 2005 मध्ये वयाच्या 87व्या वर्षी गेले.

बाबा, तुमच्याइतकी बागेची नाडी कुणाला कळत नाही. गोडी छाटणीत किती डोळे ठेवायचे, डाउनी रोग कुठून शिरणार, हे तुम्ही बांधावरून बघून सांगता. तेच करा. छाटणी मजुरांकडून करून घ्या, फवारणीचा ब्लोअर दादा चालवेल, औषधाचा वास तुमच्या छातीत जायला नको. तुम्ही काम सोडावं असं मी म्हणतच नाही. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस पहाटेपासून ट्रॅक्टरवर धक्के खातो, एवढंच थांबवा. मला तुम्ही अजून खूप वर्षं हवे आहात.

आई, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची वेळ चुकते का ते दादाला विचारून मला सांग. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा. मी दिवाळीला येते आहे. छाटणीनंतरची डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची कामं तेव्हा चालू असतील, तर माझी सुट्टी बागेतच घालवेन. बाबांनी खुर्ची घेऊन बसायचं आणि मला शिकवायचं.

तुमची,
माई