मच्छीमारांच्या सुटकेची अर्धी फाइल आपल्याकडेच अडते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला भारत व पाकिस्तान आपापल्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी छापून येते. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ भारतीय मच्छीमार दाखवले, भारताने ८१ पाकिस्तानी. शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ भारतीय मच्छीमारांना व नागरी कैद्यांना लवकर सोडा, अशी मागणीही भारताने त्याच दिवशी केली. शिक्षा संपलेला माणूस तुरुंगात कसा राहतो, हे मात्र बातमीत कधी येत नाही.

याचे उत्तर २१ मे २००८ च्या द्विपक्षीय करारात सापडते. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळाली पाहिजे. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झाले, की महिन्याभरात त्याला मायदेशी पाठवायचे. म्हणजे तो महिना या दोन्ही गोष्टी झाल्यावर सुरू होतो, आणि राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीला करारात मुदतच नाही. शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. पुढची वर्षे पडताळणीत आणि दोन्ही सरकारांच्या मर्जीत जातात. पण आपला माणूस भारतीय आहे हे पाकिस्तानने नव्हे, भारताने सांगायचे असते. तेवढे काम आपल्या हातातले आहे.

वकिलातीच्या अधिकाऱ्याने तुरुंगात भरून घेतलेली माहिती दिल्लीला येते, तिथून राज्याच्या गृहखात्याकडे, मग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आणि शेवटी पोलीस ठाण्यात. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. बोट गुजरातची, मालक गुजरातचा, म्हणून खलाशाचा पत्ताही गुजरातचा लिहिला गेला तर कागद भलत्याच जिल्ह्यात फिरत राहतो. त्यात नावांचा घोळ. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सांगतो. तिकडे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लिहितात. ते उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येईपर्यंत ओळखू येत नाही. खलाशी हाकेचे नाव सांगतो, आधारवर वेगळेच असते. गावाचे नाव येते, पाड्याचे राहून जाते. मग तीनशे घरांच्या गावात हवालदार कुणाला शोधणार?

म्हणून शांततेसाठी काम करणाऱ्या संघटनांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी, मोसमाच्या सुरुवातीला खलाशी घर सोडण्याआधीच प्रत्येकाची एक पानी नोंद करून ठेवावी. त्यात आधारवरचे नाव जसेच्या तसे, हाकेचे नाव, वडिलांचे नाव, पाडा, गाव, तालुका व पोलीस ठाणे, फोटो, रेशनकार्डाची व मतदार ओळखपत्राची प्रत, बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, तांडेलाचे म्हणजे बोटीच्या प्रमुखाचे नाव, मालकाचा फोन आणि बोट जिथून निघते ते बंदर असावे. एक प्रत घरी, एक सोसायटीत. बोट पकडल्याचे कळताच ही नोंद पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, परराष्ट्र मंत्रालयाचा पाकिस्तानविषयक विभाग आणि इस्लामाबादचे भारतीय उच्चायुक्तालय, अशा चौघांना एकाच दिवशी पाठवावी. सोबतच्या पत्रात घोषणा नकोत. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला नाव, क्रमांक आणि तारखा लागतात.

त्यानंतर माहिती अधिकार. इथे बरेच अर्ज फुकट जातात, कारण 'सुटकेसाठी काय प्रयत्न केले' असे विचारले, की परराष्ट्र संबंधांवर परिणामाचे कारण देऊन कलम ८(१)(अ) खाली नकार येतो. त्याऐवजी राज्याच्या गृहखात्याकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे फक्त तारखा मागाव्यात: पडताळणीचे पत्र कधी आले, खाली कधी पाठवले, उत्तर कधी गेले. कुणाच्या टेबलावर किती महिने गेले ते त्यातून कळते, आणि तो कागद आमदाराच्या हातात देता येतो. कैद्याच्या प्रकृतीचा प्रश्न असेल तर जीवित वा स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ४८ तासांची तरतूद कलम ७(१) मध्ये आहे. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ती लिहावी.

पडताळणी चोख झाली म्हणून दार उघडेलच असे नाही. सुटका अनेकदा सद्भावना म्हणून, एखाद्या सणाच्या किंवा राजकीय भेटीच्या निमित्ताने होते. संबंध बिघडले की थांबते. त्यामुळे धोरणाचा प्रश्न राहतोच. २००७ साली दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती नेमली गेली. तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे आणि शिफारस करायची, एवढे तिचे काम. ऑक्टोबर २०१३ नंतर ती भेटलेली नाही. २०१८ मध्ये तिला पुन्हा सुरू करायचे ठरले, भारताने आपले सदस्यही नेमले, बैठक झाली नाही. दुसरा मुद्दा सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचा. तो दोन्ही देशांनी मंजूर केला आहे. त्याच्या कलम ७३ प्रमाणे अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे १२ सागरी मैलांपलीकडे २०० मैलांपर्यंतच्या समुद्रात, मासेमारीचा नियम मोडला, तर वेगळा करार नसताना कैद देता येत नाही. बोट आणि माणसे वाजवी हमीवर लगेच सोडायची असतात. हे कलम किनाऱ्यापासूनच्या १२ सागरी मैलांत लागू नाही हे खरे. पण इथे मुळात रेघच ठरलेली नाही. कच्छ आणि सिंधमधल्या सर क्रीक या ९६ किलोमीटरच्या खाडीची हद्द पूर्व काठावरून धरायची की मध्यातून, हा वाद मिटलेला नाही, २००७ ची संयुक्त पाहणी झाल्यावरही. जी रेघ दोन सरकारांना काढता आली नाही ती खलाशाने अंधारात ओळखावी, अशी अपेक्षा आहे.

नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले आणि भारत-पाक नागरिकांच्या मंचाचे काम केले. त्यांना आणि लाहोरचे पत्रकार व मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रहमान यांना २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्हीकडच्या कैद्यांबद्दल एकत्र बोलायचे, ही त्या मंचाची रीत होती आणि ती व्यवहाराची आहे: कच्छकडे पकडलेल्या सिंधी मच्छीमाराच्या फाइलबद्दल आपण गप्प राहिलो, तर कराचीतल्या मच्छीमार संघटनेला तिथल्या मलीर तुरुंगातल्या आपल्या मच्छीमारांसाठी बोलायला कोणत्या तोंडाने सांगणार? १५ ऑगस्टच्या मेणबत्त्या लावाव्यात, पण त्याच आठवड्यात दोन्ही याद्या समोर ठेवून नावे जुळवायलाही बसावे.

शेवटी कुटुंबांच्या पोटाचे. गुजरात सरकार पाकिस्तानात अडकलेल्या खलाशाच्या घरी दिवसाला ३०० रुपये देते. बोट कोणत्या राज्यात नोंदली आहे हे न पाहता पालघरच्या प्रत्येक खलाशाच्या घरी निदान तेवढी रक्कम, अटकेच्या तारखेपासून, दर महिन्याला जमा व्हावी. पालघरच्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात लावावा आणि पडताळणीसाठी पोलिसांना तीस दिवसांची मुदत घालून देणारे परिपत्रकही गृहखात्याकडून मागून घ्यावे. त्यासाठी इस्लामाबादची परवानगी लागत नाही.

एक वाचक,
डहाणू, जि. पालघर