पैसे न दिल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चारचौघांत लिहायला तुम्ही कसंबसं हो म्हणालात, वर 'नाव घातलंस तर बघ' असा दमही दिलात. नाव घालत नाही.

हे तुमच्याकडे दोन लाख मागायला आले आणि तुम्ही सरळ नाही म्हणालात, त्याचे आभार आधी. तेव्हा मला तुमचा संताप आला होता. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला दोन लाख काय जड? पण ते पैसे दुसऱ्या दिवशी सव्वानऊला शेअर बाजार उघडताच बँक निफ्टीत, म्हणजे बँकांच्या शेअर निर्देशांकावरच्या सट्ट्यात गेले असते. 'लॉस रिकव्हर झाला की देतो' हे माझ्या दिरांनीही ऐकलं होतं. माझ्या पाटल्या पतसंस्थेत तारण पडल्या त्याही याच वाक्यावर.

तेव्हा आमच्याकडे वार पाळायचे ते एक्सपायरीचे, म्हणजे त्या त्या निर्देशांकाचे सौदे संपायच्या दिवसाचे. सोमवारी मिडकॅप, मंगळवारी फिननिफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स. आठवडाभर उपासच म्हणा ना! लेक प्रगतिपुस्तक दप्तरातच ठेवायची आणि शनिवारी काढायची, कारण शनिवारी बाजार बंद. हे कंपनीत मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसायचे, घरी आले की भिंतीकडे बघत जेवायचे. दिरांचा फोन उचलणं बंद झालं. मग लग्नकार्याला जाणंही.

नाही म्हणून तुम्ही दार लावून घेतलं नाहीत, हे महत्त्वाचं. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन आलात आणि ब्रोकरचं वर्षभराचं स्टेटमेंट काढायला लावलंत. यांच्या डोक्यात तोटा सहा लाखांचा होता, वहीत निघाला साडेअकरा. नुसते ब्रोकरेज आणि करांचेच लाखावर. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत, फक्त चहा मागितलात. त्या रात्री हे 'मी नसतो तर बरं झालं असतं' म्हणाले. मी धावत तुमच्याकडे आले, तुम्ही १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावून फोन यांच्या हातात दिलात. पलीकडचं माणूस मराठीत बोलत होतं. नंतर डॉक्टरांकडेही तुम्हीच घेऊन गेलात.

सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा अहवाल आला, त्याचं कात्रण तुम्ही आणून दिलंत. तीन वर्षांत एफ अँड ओ (हेच फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण १.८ लाख कोटींवर. आणि तोटा झालेल्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तरीही खेळत राहिले. हे ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. इतके दिवस मी डोकं फोडून जे झालं नव्हतं, ते त्या कात्रणाने झालं. मला जरा रागच आला, पण असो.

आणि ते इन्कम टॅक्सचं रिटर्न! तोटा झाला तर भरायचं कशाला, असं यांचं म्हणणं. तुम्ही मुदतीच्या आत आयटीआर-३, म्हणजे धंद्याचं उत्पन्न दाखवायचा फॉर्म भरून घेतलात. एफ अँड ओचा तोटा धंद्याचा धरतात, वेळेत दाखवला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण वजा होतो तो धंद्याच्याच उत्पन्नातून, हेही समजावलंत. हे आता रविवारी बाहेरची ड्रॉइंगची कामं घेतात. यंदा त्या कमाईतून मागचा तोटा थोडा वजा झाला. दिरांचे निम्मे पैसे फिटलेत. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत, दिवाळीपर्यंत सुटतील असं दिसतंय.

जुलैत पुन्हा वही घेऊन या. चहा आमच्याकडे.

आपली,
खालच्या मजल्यावरची सूनबाई