मालीतले करार कागदावरच राहिले

मा. संपादक,

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतील लढाईवरचा आपला लेख वाचला. रशियाचे भाडोत्री सैनिक, फ्रान्सची माघार, अल-कायदा हे सगळे त्यात आले. ज्यांच्या मुलखात ही लढाई चालली आहे त्या तुआरेगांना, म्हणजे उत्तरेच्या वाळवंटातल्या भटक्या पशुपालकांना, मात्र जेमतेम एक वाक्य मिळाले. जणू हे भांडण वॅग्नरवाले, म्हणजे ते रशियन भाडोत्री, आल्यावरच पेटले!

माली १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि तीनेक वर्षांतच तुआरेगांचे पहिले बंड झाले. ते लष्कराने निर्दयपणे मोडून काढले. पुढच्या दुष्काळांत जनावरे मेली, तरुण लिबियात जाऊन गद्दाफींच्या फौजेत भरती झाले. गद्दाफी पडल्यावर त्यातले बरेच जण शस्त्रांसह परतले आणि एप्रिल २०१२ मध्ये बंडखोरांनी ‘अझवाद’ म्हणजे उत्तर माली स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले.

मधल्या काळात समेट झालाच नाही असे नाही. २७ मार्च १९९६ रोजी टिंबक्टूत सुमारे तीन हजार बंदुका जाहीरपणे जाळल्या गेल्या, राष्ट्राध्यक्ष कोनारे स्वतः हजर होते. पण १९९२, २००६, २०१५ असे करारामागून करार झाले तरी उत्तरेला अधिकार आणि विकासनिधी देण्याची कलमे बहुतेक कागदावरच राहिली.

बंडखोरही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. २०१२ मध्ये त्यांनी जिहादींशी हातमिळवणी केली आणि काही महिन्यांत त्याच जिहादींनी त्यांना उत्तरेतल्या गाओ शहरातून हुसकावले. १९९० च्या बंडाचा नेता इयाद अग घाली पुढे अल-कायदाशी जोडलेल्या आघाडीचा प्रमुख झाला. तरीही बंडखोर आणि जिहादी या दोघांना एकाच मापाने मोजण्याची राजधानी बामाकोतल्या लष्करशहांची रीत आपल्या लेखकाने का उचलावी?

नोव्हेंबर २०२३ मध्ये बंडखोरांचे ठाणे किदाल जिंकल्यावर या राजवटीला चेव चढला आणि जानेवारी २०२४ मध्ये तिने २०१५ चा करार मोडीत काढला. जुलैत अल्जीरियाच्या सीमेवरील तिंझावातेन येथे तिच्या सैन्याने आणि वॅग्नरने सपाटून मार खाल्ला.

आता मध्यस्थी करायची कोणी? आजवरचे बहुतेक समेट अल्जीरियाने घडवून आणले. त्याच अल्जीरियाने २०२५ मध्ये मालीचे ड्रोन पाडले आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही. यावर जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली